चार ओळी शिफारशीच्या

गणपती गेले की माझ्याकडे दोन प्रकारची माणसे येऊ लागतात. नवरात्राची वर्गणी मागणारी आणि शिफारसपत्र मागणारी. वर्गणीवाल्यांचे मला भय वाटत नाही. त्यांच्याशी घासाघीस करता येते. पाचशे मागितले तर शंभरावर तडजोड होते आणि दोन्ही पक्ष आपणच जिंकलो अशा समजुतीने वेगळे होतात. शिफारसपत्राला ती सोय नाही. ज्याने 'असामान्य' मागितले त्याच्या हातावर 'बरा' ठेवला, तर तो पावती फाडून निघून जात नाही. तो तसाच उभा राहतो, बोटांनी टेबलाची कड चाचपतो आणि म्हणतो, "सर, माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे." आणि तो खोटे बोलत नसतो. सगळी अडचण तिथेच आहे.

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मी एकतीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवीत आलो आहे. पूर्वी आमच्या महाविद्यालयातून परदेशी जाणारा विद्यार्थी पाच-सात वर्षांत एखादा निघे आणि त्याचा हारतुरे घालून सत्कार होई. आता दरसाल आठ-दहा मुलेमुली अर्ज भरतात आणि कुणी कुणाला हार घालीत नाही. ज्यांच्या घरात हा प्रकार अजून शिरलेला नाही, त्यांच्यासाठी सांगतो की, परदेशी विद्यापीठाचा प्रवेश म्हणजे कागदांची एक चळतच असते. सर्व वर्षांची गुणपत्रके लागतात. इंग्रजी येते हे सिद्ध करणारी परीक्षा लागते. तिच्यापैकी आयईएलटीएस या परीक्षेत नवापैकी किती ते सांगतात. काही ठिकाणी जीआरई नावाची आणखी एक परीक्षा मागतात. आपण हेच का शिकू इच्छितो, याचे स्वतः लिहिलेले निवेदन लागते. मुले त्याला 'एसओपी' म्हणतात. पैशाचा पुरावा लागतो. ब्रिटनच्या व्हिसासाठी ठरलेली रक्कम सलग २८ दिवस खात्यात पडून असावी लागते. जर्मनीसाठी वर्षाचा खर्च आधीच एका खात्यात अडकवून ठेवावा लागतो. २०२४ साली ही रक्कम ११,९०४ युरो ठरली. आणि अमेरिकेसाठी या सगळ्यांवर बहुधा तीन शिफारसपत्रे लागतात.

या चळतीत शिफारसपत्राची जात निराळी आहे. बाकीचे कागद आकडे सांगतात, किंवा विद्यार्थी स्वतःबद्दल सांगतो. एका माणसाने दुसऱ्या माणसाबद्दल सांगितलेला असा हा एकच कागद. म्हणून तो गुप्त ठेवण्याची रीत आहे. अमेरिकेत १९७४ साली एक कायदा झाला आणि विद्यार्थ्याला स्वतःविषयीची कागदपत्रे पाहण्याचा हक्क मिळाला. तेव्हापासून अर्जातच विचारतात: 'हे पत्र पाहण्याचा हक्क तुम्ही सोडता काय?' बहुतेक सगळे 'सोडतो' या चौकटीत खूण करतात. कारण विद्यार्थ्याच्या नजरेखालून जाणाऱ्या पत्रावर वाचणारा कमी विश्वास ठेवील, हे उघड आहे.

आणि आता आपल्याकडची रीत सांगतो. जे पत्र पाहण्याचा हक्क मुलाने सोडला आहे, ते पत्र मूलच लिहून आणते. कधी स्वतः, कधी पैसे देऊन सल्लागाराकडून. "सर, तुमचा वेळ जायला नको, मी मसुदा आणलाय. फक्त बघून पाठवून द्या." सरही बघतात न बघतात आणि पाठवून देतात. हा 'सर' मीच आहे. दुसऱ्या कुणाची तक्रार मी करीत नाही.

या वर्षी भाद्रपद संपता संपता एक विद्यार्थिनी असाच मसुदा घेऊन आली. बरोबर तिचे वडील होते. पाच वर्षे ती माझ्या हाताखाली शिकलेली. गुण चांगले, पण डोळे दिपवणारे नव्हेत. बोलणे कमी. मसुदा मी वाचला. त्यात तिची बुद्धी तेजस्वी होती, नेतृत्व उपजत होते, आणि माझ्या अध्यापनकाळातल्या सर्व विद्यार्थ्यांत ती पहिल्या एक टक्क्यात होती. वाचून झाल्यावर मी समोर बसलेल्या मुलीकडे पाहिले. ही त्या पत्रातली मुलगी नव्हे, असे मला स्पष्ट वाटले. आणि त्याच क्षणी मला तिची खरी ओळख पटवणारी एक गोष्ट आठवली.

ती पहिल्या वर्षाला असताना लंबकाचा प्रयोग होता. दोऱ्याला गोळा टांगायचा, वीस आंदोलनांना किती सेकंद लागतात ते पाहायचे, आणि त्यावरून पृथ्वीचे गुरुत्वत्वरण काढायचे. उत्तर ९.८ यायला पाहिजे, हे सगळ्या मुलांना शाळेपासून पाठ असते. म्हणून ते येतेच. ज्यांचे येत नाही ते उत्तरावरून उलटे गणित करून सेकंद लिहितात. मुलांच्या भाषेत याला 'कुकिंग' म्हणतात. त्या दिवशी वर्गातल्या प्रत्येकाचे उत्तर ९.८ च्या आगेमागे होते. हिचे मात्र १०.८ आले होते, आणि तिने तेच लिहिले होते. खाली पेन्सिलीने एक ओळ होती: चूक कोठे आहे ते सापडले नाही.

मी तिला दहापैकी सहा गुण दिले. बाकीच्यांना नऊ.

दोन दिवसांनी ती दारात उभी राहिली. म्हणाली, "सर, सापडली चूक. गोळा पहिल्यांदा मधून गेला तेव्हाच मी 'एक' म्हणत होते. तिथे 'शून्य' म्हणायला हवं होतं." बरोबर होते. ती एकोणीस आंदोलने मोजून वीस समजत होती. तेवढ्याने ९.८ चे १०.८ होते, हिशेब करून पाहा. मी "छान" म्हटले आणि दुसऱ्या कामाला लागलो. जर्नलातले सहा गुण सहाच राहिले.

आता तिच्या शिफारसपत्रावर मी सही करायची होती, आणि ते पत्र म्हणजे शुद्ध कुकिंग होते. उत्तर आधी ठरलेले, पुरावा मागाहून लिहिलेला.

मी मसुदा बाजूला ठेवला आणि म्हणालो, "मी माझ्या शब्दांत लिहीन. ही लंबकाची गोष्टही लिहीन."

मुलगी काही बोलली नाही. वडील बोलले. ते एसटीत वाहक होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. शांत माणूस. म्हणाले, "सर, रागावू नका. पण अर्जात चूक कशाला सांगायची? बाकीच्या पोरांची पत्रं कशी जातात ते तुम्हाला ठाऊक आहे. राहतं घर बँकेकडं गहाण पडणार आहे. ड्युटी संपल्यावर माझ्या पेटीत एक रुपया कमी आला तरी तो मी खिशातनं भरत होतो. तुमच्या पत्रात काही कमी पडलं, तर ते कोण भरणार?"

मला उत्तर सुचले नाही. दोन दिवसांची मुदत मागून मी घरी आलो.

खरे बोलावे की नाही, हा प्रश्न लहानपणापासून आपल्याला फार सोपा करून सांगितलेला असतो. खरे बोलणाऱ्याला त्रास होतो, तो त्याने सोसावा, हे त्याचे सार. हरिश्चंद्राने राज्य दिले. पण तारामतीची आणि रोहिदासाची संमती कोणी घेतली होती, हे आपण विचारीत नाही. धर्मराजाची गोष्ट तर आणखी चमत्कारिक आहे. अश्वत्थामा मेला, असे तो अर्धवट खरे बोलला आणि जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. या गोष्टीत आपण नेहमी रथाकडे पाहतो. द्रोणाचार्यांचा जीव गेला याची हळहळ वाटते, पण पापाचे माप आपण रथाच्या उंचीने करतो. बोलणाऱ्याचे काय झाले एवढेच आपल्या नीतीला दिसते. ज्याच्याविषयी बोलले गेले तो बाजूला राहतो.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९७ साली एका छोट्या निबंधात असे मांडले की, मारेकरी दाराशी येऊन 'तुझा मित्र आत आहे काय?' असे विचारू लागला, तरीसुद्धा खोटे बोलू नये. हे वाचून पुष्कळांना कांटचा राग येतो, आणि मलाही येतो. पण त्याच कांटची दुसरी एक कसोटी मला टाळता येत नाही. मी करतो ते सगळ्यांनी केले तर काय होईल? सगळ्यांनी वचने मोडायची ठरवली तर वचन या शब्दाला अर्थच राहणार नाही. शिफारसपत्राचे नेमके हेच झाले आहे. पत्राबरोबर एक तक्ता भरावा लागतो: तुम्ही शिकवलेल्या विद्यार्थ्यांत हा कोठे बसतो? पहिल्या एक टक्क्यात, पाच टक्क्यांत, दहा टक्क्यांत? त्या रात्री मी माझी जुनी पत्रे संगणकावर काढून पाहिली. साठ मुलांच्या एका वर्गातील अकरा जणांना मी पहिल्या पाच टक्क्यांत बसवले होते. साठाचे पाच टक्के तीन होतात. पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाला हे सांगायला लागू नये.

असे का होते, याचा विचार करताना मला एक जुने पत्र आठवले. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडनच्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना पत्र पाठवून आपल्या एका विद्यार्थ्याची ओळख करून दिली होती. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३ मध्ये अमेरिकेला गेले होते आणि आता लंडनला शिकू पाहत होते. एका अर्थशास्त्रज्ञाचे दुसऱ्याला पत्र. लिहिणारा विद्यार्थ्याला ओळखत होता आणि वाचणारा लिहिणाऱ्याला. पुढे याच विद्यार्थ्याने रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, तो १९२३ साली ग्रंथरूपाने आला. चलन किती काढावे हे चालवणाऱ्यांच्या मर्जीवर सोडले की त्याची किंमत घसरते, हा त्यातला एक मुख्य धागा. विशेषणांचेही तेच होते. माझे पत्र वाचणारा मला ओळखत नाही. माझ्या नावामागे त्याच्या लेखी काही तारण नाही. मग तारणाची उणीव मी नोटा छापून भरून काढतो: असामान्य, अद्वितीय, अलौकिक. सगळेच छापतात, आणि 'चांगली' हा खणखणीत शब्द बाजारात चालेनासा होतो.

पण हे सगळे समजूनही वाहकाचा प्रश्न सुटत नव्हता. बाजार नासला आहे हे मान्य. त्याची शिक्षा याच मुलीला का? शेजारचा दुकानदार वजनात मारतो म्हणून मी जास्त तोलायला लागलो तर पदरचे माझे जाते. इथे तराजू माझा आणि पदर दुसऱ्याचा होता.

जेवताना मी हे घरी बोललो. सौभाग्यवती म्हणाल्या, "आपल्या भाचीच्या स्थळाची चौकशी करायला लोक आले, तेव्हा 'मुलगी स्वभावाने गरीब आहे' असं सांगितलंत ना? तेव्हा नाही कांट आठवला!" मी निरुत्तर झालो. भाची आज सुखात आहे; तिच्या सासरचे मात्र माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहतात. मला वाटते, इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या कोणत्याच शिफारशीवर पुन्हा विश्वास ठेवलेला नाही.

त्या थट्टेतच मला अर्धे उत्तर मिळाले. खोट्याची किंमतही कोणीतरी दुसराच देत असतो. फक्त तो त्या वेळी समोर बसलेला नसतो. २०२२ सालापासून जर्मनीला शिकायला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला एक नवा दाखला लागतो: आपले बाकीचे दाखले खरे आहेत, हे तपासून घेतल्याचा दाखला. त्याचे शुल्क आणि त्यासाठी लागणारे आठवडे प्रामाणिक मुलांच्याही माथी पडतात. दाखल्यावरचा विश्वास कमी झाला, की ज्याने काहीच केलेले नाही त्याच्याकडूनही वसुली होते. माझ्या त्या अकरा 'पहिल्या' मुलांचा हप्ता पुढे कुणीतरी भरलाच असेल. कदाचित हीच मुलगी भरीत असेल. माझ्या महाविद्यालयाचे नाव पाहून एखाद्या वाचणाऱ्याने मनाशी म्हटले असेल, 'इथून सगळेच असामान्य येतात.'

उरलेले अर्धे उत्तर मिळायला मला स्वतःकडे पाहावे लागले. मी विशेषणे का वापरत आलो? दया म्हणून? काही वेळा होय. पण बहुतेक वेळा मला त्या विद्यार्थ्याबद्दल दुसरे काही सांगता येण्याजोगे ठाऊकच नव्हते. पाच वर्षे जो माझ्यासमोर बसला, त्याने कधी काय विचारले, कशावर अडला, कशाने हरखला, हे मी पाहिलेले नव्हते. ज्याला हकीकत माहीत असते त्याला विशेषण लागत नाही. खोटे पत्र लिहिताना मी जे पाप करतो ते पत्राच्या दिवशी घडत नाही. ते आधीच्या पाच वर्षांत रोज थोडे थोडे घडलेले असते. शिफारसपत्र विद्यार्थ्याचे नाव घेऊन मागतात, पण परीक्षा शिक्षकाची असते.

मला रामानुजन आठवला. १९१३ च्या जानेवारीत त्याने केंब्रिजच्या हार्डींना जे पत्र लिहिले, त्याच्या आरंभीच त्याने सांगून टाकले होते की, आपण मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये वर्षाला वीस पौंडांवर कारकून आहोत आणि विद्यापीठाचे शिक्षण आपल्याजवळ नाही. उणे आधी, मग गणित. हार्डींनी गणित पाहिले, आणि १९१४ साली तो केंब्रिजला गेला. माझी विद्यार्थिनी रामानुजन नाही, हे मला कळते. त्याच्या प्रमेयांनी जे काम केले ते हिच्या १०.८ ने होणार नाही. एक मात्र दोघांच्या बाबतीत खरे आहे: उणे लपवले नाही म्हणजे पुढचे सगळे वाचण्याजोगे होते.

तिसऱ्या दिवशी दोघे पुन्हा आले. मी वाहकांना म्हणालो, "तुम्ही विचारलंत कोण भरणार. सगळं मला भरता येणार नाही, पण माझा वाटा मी भरतो. तिनं खरं उत्तर लिहिलं तेव्हा मी तिला सहा गुण दिले आणि खोटी लिहिणाऱ्यांना नऊ. ही माझी चूक आहे, आणि पत्रात मी तिची म्हणून नव्हे, माझी म्हणून लिहिणार आहे. पत्र आवडलं नाही तर अजून वेळ आहे, दुसऱ्या सरांकडं जा. मला वाईट वाटणार नाही. हवं तर मसुदा दाखवतो."

त्यांनी मुलीकडे पाहिले. ती पहिल्यांदाच नीट बोलली. "दाखवू नका सर. पत्र बघणार नाही म्हणून मी अर्जात खूण केली आहे."

वडील काही वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, "पोरगी लहानपणी माझ्याबरोबर बसमध्ये यायची. स्टँड आला की तिकिटांचा हिशेब तिला करायला लावायचो. एकदा दोन रुपये जास्त निघाले, तर म्हणाली, 'बाबा, आता हे कुणाचे?'" ते उठले. "लिहा तुमच्या मनानं."

मी लिहिले. पत्र एक पान भरले नाही. तेजस्वी, उपजत असे शब्द त्यात नाहीत. लंबकाची गोष्ट आहे, तिची पेन्सिलीची ओळ आहे, माझे सहा गुण आहेत. तक्त्यात बुद्धिमत्तेसमोर मी 'पहिल्या दहा टक्क्यांत' अशी खूण केली, कारण ते खरे आहे. सचोटीच्या रकान्यासमोर 'पहिल्या एक टक्क्यात' केली आणि या वेळी हात अडखळला नाही. त्याच आठवड्यात आलेल्या दोन मुलांना मी सांगितले, "मी तुम्हाला पुरेसा ओळखत नाही, हा दोष माझा आहे, पण ज्यांनी तुम्हाला पाहिलं आहे अशा सरांकडे जा." ते गेले. एकाच्या चेहऱ्यावर राग होता, आणि तो अन्यायाचा नव्हता.

पत्राचा परिणाम काय होईल, मला ठाऊक नाही. विद्यापीठांची उत्तरे येऊ लागतील तेव्हा दिवाळी कधीच मागे पडलेली असेल आणि होळी तोंडावर आली असेल. प्रवेश मिळाला तर तो माझ्या सत्याने मिळाला असे मी म्हणणार नाही. नाही मिळाला तर माझ्या सत्यामुळे गेला, ही शंका मात्र मला सोडणार नाही, आणि ती सोडू नये असेच मला वाटते. दुसऱ्याच्या घरावर ज्याचे खरेपण उभे आहे, त्याने निर्धास्त झोपणे बरे नव्हे.

एवढे मात्र केले. परवा पहिल्या वर्षाच्या मुलांचा लंबकाचा प्रयोग होता. सुरुवातीलाच सांगितले, "गुण उत्तराला नाहीत. जे मोजलंत ते लिहा; चुकलं असं वाटलं तर कुठं वाटतं तेही लिहा." वर्गात कुजबुज झाली. कुणी विश्वास ठेवला, कुणी नाही. संध्याकाळी जर्नले तपासायला घेतली. एकतीस वर्षांत प्रथमच माझ्या प्रयोगशाळेत गुरुत्वत्वरणाची सात निरनिराळी उत्तरे आली होती. त्यांतली तीन १०.८ च्या जवळपास होती. म्हणजे आणखी तिघे जण मोजताना 'एक' पासून सुरुवात करीत होते, आणि दरवर्षी करीत असणार.

उद्या वर्गात आम्ही सगळे मिळून शून्यापासून मोजणार आहोत.